पेशींचे रसायन आणि आपले रक्त
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी दरवर्षी एक वैचारिक व्याख्यान ठेवण्याची आपली पद्धत आहे. या वर्षी समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, पेशींचं रसायनशास्त्र. दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, "दादा, गिरणीवाल्याचं तिथं काय काम?" आम्ही डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. स्पिनिंग खात्यात रिंग फ्रेमवर हयात गेली. शाळा सुटल्यावर जे शिकलो ते वाचनालयात आणि पोरांच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर. पण या वस्तीत अशी गल्ली नाही की जिथल्या एखाद्या घरी सिकलसेलचं नाव निघालं नाही. कोणाचं लेकरू रात्रभर हातपाय धरून रडतं, कोणाच्या सुनेला तिसऱ्यांदा रक्त चढतं, कोणाची सोयरीक जुळता जुळता राहते. हा आजार म्हणजे रसायनशास्त्रातला एक छोटासा फरक आहे. तो फरक काय हे समजलं नाही तर आपण दवाखान्यात नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत राहतो. म्हणून हा विषय घेतला. फळ्यावर सूत्रं लिहिणार नाही, घाबरू नका.

सुरुवात युरियापासून करू. युरिया खत आपल्यापैकी ज्यांचं गावी वावर आहे त्यांनी हाताने फेकलेलं आहे. हाच युरिया आपल्या लघवीतही असतो. दोनशे वर्षांमागं युरोपातल्या विद्वानांचीही समजूत होती की, सजीवांच्या शरीरातले पदार्थ शरीरातच तयार होतात, त्यासाठी एक वेगळी जीवशक्ती लागते, भांड्यात ते करता येत नाहीत. 1828 साली फ्रेडरिक व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट नावाच्या क्षारापासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला. ना माणूस, ना कुत्रं, ना मूत्रपिंड. पुढं 1897 साली एडुआर्ड बुखनर याने यीस्टच्या पेशी वाळूत घालून चिरडल्या, त्यांचा रस गाळून घेतला आणि त्या निर्जीव रसानेही साखर आंबवून दाखवली. म्हणजे जिवंत पेशीच्या आत जे चालतं ते रसायनच आहे. अवघड आहे, गुंतागुंतीचं आहे, पण चमत्कार नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगतो, कारण पोराच्या हाडात ठणका उठला की अजूनही काही घरांत गुपचूप अंगारा येतोच. येतो की नाही? बाया हसल्या, म्हणजे येतो.

पेशी हा शब्द आपण ऐकतो, पण पेशी म्हणजे किती मोठी वस्तू? माणसाच्या अंगात साधारण 30 लाख कोटी पेशी आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य एकट्या रक्तातल्या तांबड्या पेशी. तांबडी पेशी इतकी लहान की एका मिलिमीटरच्या रेषेवर सव्वाशेहून जास्त बसतील. या पेशी कशाच्या बनल्या? सोनं-नाणं काही नाही. माणसाच्या वजनात सुमारे 65 टक्के ऑक्सिजन, 18 टक्के कार्बन, 10 टक्के हायड्रोजन, 3 टक्के नायट्रोजन. उरलेल्यात कॅल्शियम, फॉस्फरस आणि थोडं थोडं बरंच काही. लोखंड तर अख्ख्या देहात अवघं चार ग्रॅमच्या आसपास, एखाद्या खिळ्याएवढं. कोळशातला कार्बन आणि आपल्या काळजातला कार्बन एकच. ब्राह्मणाच्या पेशीत वेगळा आणि आपल्या पेशीत वेगळा, असं काही रसायनशास्त्राला सापडलेलं नाही. शोधणाऱ्यांनी कमी शोधलं असंही नाही.

पेशीत सगळ्यात जास्त काय असतं, तर पाणी. आणि पाण्याचा एक स्वभाव आहे. मीठ-साखरेला ते पोटात घेतं, तेलाला घेत नाही. वरणावर फोडणी टाकली की तेल वर तरंगतं, कितीही हलवा, थोड्या वेळाने तवंग एकत्र येतो. तेलाच्या थेंबाला पाण्यापासून लांब राहायचं असतं, म्हणून तो दुसऱ्या तेलाच्या थेंबाला जाऊन चिकटतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. पुढं सिकलसेल याच एका वाक्यावर समजणार आहे.

या स्वभावावरच पेशीची भिंत उभी आहे. ती भिंत स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराची असते. प्रत्येक कणाचं डोकं पाण्याला मानणारं, शेपूट तेलकट. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी गवंडी लागत नाही, पाण्यात सोडले की आपोआप असे उभे राहतात. पण या तेलकट भिंतीतून मीठ जाईना, साखर जाईना. मग भिंतीत प्रथिनांची दारं असतात. कोणत्या दारातून कोण जाणार हे ठरलेलं. आतड्याच्या पेशीला एक दार असं आहे की मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज साखर, दोघं जोडीने आले तरच उघडतं. दोघं आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. हगवणीत लेकराला नुसतं पाणी पाजलं तर ते नीट शोषलं जात नाही, आणि साखर-मीठ घातलं की लेकरू वाचतं, त्याचं कारण हे दार. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमध्ये बनगावला, कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात भरून तोंडाने पाजायला लावलं. मरणाचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते शंभरात चारच्याही खाली आलं. पेशीच्या एका दाराचं ज्ञान, आणि केवढी माणसं वाचली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. माताभगिनींनी हे पाठच करून ठेवावं. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट.

आता पेशीतली मजुरी. काम करायचं तर ताकद पाहिजे. अन्नातली साखर पेशी एकदम जाळत नाही, तसं केलं तर पेशीच जळेल. ती पायरी पायरीने मोडते आणि निघालेली ताकद एटीपी नावाच्या छोट्या छोट्या रेणूंत भरून ठेवते. हा एटीपी म्हणजे रोजंदारी समजा. मिळाला की खर्च, साठवण नाही. एका वेळी अंगात पाव किलोसुद्धा नसतो, पण पुन्हा पुन्हा मोडून आणि पुन्हा पुन्हा बनून दिवसभरात आपल्या वजनाच्या जवळपास एटीपीची उलाढाल होते. तांबड्या पेशीची यात एक गंमत आहे. ती ऑक्सिजन वाहते, पण स्वतः तो वापरत नाही, थोड्याशा साखरेवर भागवते. धान्याची पोती वाहणारा हमाल पोत्यातला दाणा तोंडात टाकत नाही, तशी.

हे सगळं घडवून आणतात ती प्रथिनं. भाताचा घास तोंडात बराच वेळ चावत राहा, गोड लागायला लागतो. लाळेतलं प्रथिन भाताच्या पिठाचे तुकडे करून साखर मोकळी करतं. घरी जाऊन करून बघा, पैसे पडत नाहीत. प्रथिन म्हणजे माळ. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. काही मणी पाण्याला मानणारे, काही तेलकट. माळ तयार झाली की ती सरळ राहत नाही, गुंडाळली जाते. तेलकट मणी आत दडतात, पाणीवाले बाहेर राहतात, आणि त्या माळेला एक ठरलेला आकार येतो. त्या आकारावरच तिचं काम अवलंबून. अंडं उकडलं की पातळ पांढरं घट्ट होतं, कारण उष्णतेने माळांचा आकार उसवतो आणि त्या एकमेकींत अडकतात. पुन्हा गार केलं तरी ते पातळ होत नाही.

मग कोणता मणी कुठं ओवायचा हे कोण सांगतं? त्याची नोंदवही म्हणजे डीएनए. त्यात चारच अक्षरं: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक मणी. डीएनएचा आकार 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडला. रोझलिंड फ्रँकलिन या बाईंच्या प्रयोगशाळेत निघालेल्या क्ष-किरण छायाचित्राशिवाय ते जमलं नसतं. पण बाई 1958 सालीच वारल्या आणि 1962 चं नोबेल तिघा पुरुषांना मिळालं. कोणत्या शब्दाला कोणता मणी हे उलगडण्यात आपले हरगोविंद खुराना होते, 1968 साली त्यांना नोबेल मिळालं. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो. मात्र ही वही प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून, एक बापाकडून. ही गोष्टही लक्षात ठेवा.

आता रक्ताकडे येऊ. तांबड्या पेशीत मुख्य प्रथिन हिमोग्लोबिन. एका पेशीत सुमारे 27 कोटी रेणू. प्रत्येक रेणूत चार माळा: दोन अल्फा, 141 मण्यांच्या, दोन बीटा, 146 मण्यांच्या. प्रत्येक माळेच्या कुशीत लोखंडाचा एकेक अणू. फुप्फुसात या लोखंडाला ऑक्सिजन धरतो, पेशी फिरत फिरत मांसापर्यंत जाते, तिथं ऑक्सिजन उतरतो. अंगातल्या लोखंडापैकी जवळजवळ दोन तृतीयांश इथंच कामाला आहे. ही पेशी जन्मतःच ठेंगणी, मध्ये खोलगट, पुरीच्या मधोमध अंगठा दाबावा तशी, आणि लवचिक. सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या तिच्या रुंदीपेक्षाही अरुंद असतात. तिथून ती वाकून, मुडपून निघते. चार महिने राबते, मग मोडीत निघते.

सिकलसेलमध्ये काय होतं? बीटा माळेतला सहावा मणी बदलतो. बस्, एवढंच. नोंदवहीत जीएजी असा शब्द असतो, तिथं जीटीजी होतो. एक अक्षर. जीएजीला ग्लुटामिक आम्ल हा मणी. तो पाण्याला मानणारा, विजेचा ऋण भार असलेला. जीटीजीला व्हॅलीन. तो तेलकट. आता ते वरणावरचं वाक्य आठवा. व्हॅलीनचा तेलकट मणी हिमोग्लोबिनच्या अंगावर बाहेरच्या बाजूला आला आहे, आणि चारही बाजूंनी पाणी. त्याला लपायला जागा पाहिजे. ऑक्सिजन लागलेला असतो तोवर काही होत नाही. पण ऑक्सिजन उतरला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि त्याच्या अंगावर एक तेलकट खळगा उघडा पडतो. एका रेणूचा व्हॅलीन शेजारच्याच्या खळग्यात जाऊन बसतो. त्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. बघता बघता सूत निघतं.

आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बसून राहिलो. कारण पुढं लिहिलं होतं, हे सूत एकपदरी नसतं, चौदा पदरांचं असतं, आणि त्याला पीळ असतो. चौदा पदरी पिळाचं सूत! उभ्या आयुष्यात आम्ही चातीवर पीळ देत होतो, आणि इकडं लेकरांच्या रक्तात कोणी न सांगता तेच चाललं होतं. अशी सुतं पेशीत आडवीतिडवी वाढतात, पेशीला आतून ताणतात, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल. ताठ झालेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. मागच्या पेशी तिच्यावर चढतात. पुढच्या हाडाला, मांसाला ऑक्सिजन मिळत नाही. तो ठणका म्हणजे अडलेल्या रक्ताची बोंब आहे. पोरगं नाटक करत नाही. शाळेतल्या गुरुजींनी, गिरणीतल्या जॉबरने, घरातल्या आजोबांनी, सगळ्यांनी हे समजून घ्यावं. "कामचुकार आहे" म्हणून ज्याची हजेरी कापली गेली असा एक जोडीदार आमच्या खात्यात होता. त्याला स्वतःलाही आपला आजार ठाऊक नव्हता.

पेशी फुप्फुसात परतली आणि ऑक्सिजन लागला की सूत विरघळतं. पण पुन्हा पुन्हा वाकून तिची भिंत खराब होते आणि मग ती वाकडीच राहते. चार महिने जगायची ती दहा-वीस दिवसांत मोडते. मोडलेल्या पेशींतून पिवळा रंग निघतो, म्हणून डोळे पिवळे. प्रत्येक पिवळा डोळा म्हणजे दूषित पाण्याची कावीळ नव्हे.

यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. सूत जुळायला थोडा वेळ लागतो. बारीक रक्तवाहिनीतून पेशी सेकंद-दोन सेकंदांत बाहेर पडते. त्याच्या आत सूत जुळलं नाही तर ती सुटली. आणि हा वेळ कशावर ठरतो, तर पेशीत हिमोग्लोबिन किती दाटीने आहे यावर. अंगातलं पाणी थोडं जरी कमी झालं, पेशी थोडी जरी सुकली, तर दाटी वाढते आणि सूत कितीतरी पट लवकर जुळतं. गिरणीत उलट होतं. हवा सुकी झाली की धागा तुटतो, म्हणून खात्यात पाण्याचा फवारा सोडतात. रक्तात सुकं झालं की धागा तयार होतो. पण इलाज दोन्हीकडे पाणीच. विदर्भाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. सिकलसेलच्या पोराला शाळेत पाण्याची बाटली आणि वर्गातून उठून लघवीला जाण्याची मुभा, या दोन गोष्टी औषधाइतक्या मोलाच्या आहेत. ताप, जुलाब, गार पाण्यात एकदम डुंबणं, कडाक्याची थंडी, अतिश्रम, यांतूनही ठणका उठतो. लेकराला ताप आला की वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि जंतुसंसर्ग जीवघेणा ठरू शकतो. म्हणून लसी आणि पेनिसिलिनची गोळी डॉक्टर सांगतील तशी.

हा फरक माणसाने शोधला कसा तेही थोडक्यात सांगतो. 1904 च्या डिसेंबरात शिकागोच्या दवाखान्यात ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यक शिकणारा एक काळा तरुण दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहून त्यांचं चित्र काढलं. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 साली ते छापलं. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, विजेच्या प्रवाहात ठेवलं तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन आणि साधं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या चालीने सरकतात. कारण एका मण्याचा ऋण भार गेलेला. एका रेणूतल्या फरकाने आजार होतो हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं. 1956 साली व्हर्नन इन्ग्राम यांनी माळेचे तुकडे करून नेमका फरक कुठं आहे तो शोधला. आणि पॉलिंग यांची ती वीजप्रवाहाची रीत म्हणजेच आज आपल्या दवाखान्यात होणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी.

भारतात हा आजार 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत नोंदला गेला. नागपूरहून 1958 साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली, त्यात आपला समाज होता. तेव्हापासून काही लोक म्हणतात, हा "त्यांचा" आजार. असं कोणी म्हणालं तर त्याला सांगावं की हा आजार नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत आहे, गडचिरोलीच्या गोंडांत आहे, ग्रीसमध्ये आहे, सौदी अरबस्तानात आहे, पश्चिम आफ्रिकेत आहे. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट जात नाही, हिवताप आहे. ज्याच्या एकाच प्रतीत बदललेलं अक्षर आहे, दुसरी प्रत साधी आहे, त्याला हिवतापाचा सगळ्यात घातक प्रकार सहसा मारू शकत नाही. अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. जंगल, पाणथळ, डास, औषध नाही, अशा मुलखात ज्या लेकरांकडे हे अक्षर होतं ती वाचली, मोठी झाली, त्यांची लेकरं झाली. ती आपली पूर्वज. तेव्हा हे अक्षर कोण्या पापाचं फळ नव्हे. उलट त्याच्यामुळे आपल्यातले कित्येक जण आज इथं बसलेले आहेत.

आता दोन प्रतींची गोष्ट. दोन्ही साध्या तर एए. एक साधी, एक बदललेली तर एएस, त्याला वाहक म्हणतात. दोन्ही बदललेल्या तर एसएस, तो रोगी. वाहक सहसा ठणठणीत असतो. त्याच्या पेशीत साधं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असतं, ते सुताच्या मध्ये येतं आणि सूत वाढू देत नाही. एएसचा कधी एसएस होत नाही, वय झालं तरी होत नाही. हा आजार उष्टं खाल्ल्याने, एका पांघरुणात झोपल्याने लागत नाही.

नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चार चिठ्ठ्या समजा. एक एए, दोन एएस, एक एसएस. चिठ्ठी निघाली की पुन्हा डब्यात जाते. म्हणजे पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तिन्ही सुटली असं नाही, दरवेळी चारही चिठ्ठ्या डब्यात. आणि दोघांपैकी एकच एएस असेल, दुसरा एए असेल, तर एसएस मूल होत नाही. या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती आम्ही मोठ्याने सांगतो. एसएस मुलाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते. एकटीकडून येऊच शकत नाही. तेव्हा "हिच्या माहेरचं दुखणं आणलं" म्हणून ज्या घरात सुनेला ऐकवलं जातं, त्या घरात आधी लेकाचं रक्त तपासावं. मामा-आत्याच्या घरात सोयरीक करण्याची ज्यांच्यात रीत आहे त्यांनी तर नक्कीच, कारण एकच अक्षर दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो.

औषधात काय आहे? बाळ पोटात असताना त्याला वेगळं, गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटा माळच नसते, म्हणून ते सुतात सामील होत नाही. जन्मल्यावर सहा महिन्यांत ते कमी होतं, आणि मग बाळाचे हातपाय सुजायला लागतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मोठेपणीही हे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. 1995 साली अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात दिसलं की त्याने ठणक्याचे झटके जवळपास निम्म्यावर येतात. नावात युरिया आहे खरं, व्होलरच्या युरियाचा हा चुलतभाऊच, पण खताच्या पोत्याशी त्याचा संबंध लावू नये. एकाने आम्हाला तसं विचारलं होतं, म्हणून सांगतो. ही गोळी रोजची, नेमाने, आणि मधूनमधून रक्त तपासून घ्यायची. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने जनुकात फेरफार करणाऱ्या उपचाराला परवानगी दिली. रोग्याच्याच मज्जेतल्या पेशी काढून त्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. विज्ञान म्हणून फार मोठी झेप. अमेरिकेत किंमत वीस लाख डॉलरच्या वर. आमच्या गिरणीच्या सगळ्या पाळ्यांचे सगळे पगार जोडले तरी किती वर्षं लागतील, हिशेब करून बघा.

सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा असं ठरवलं आहे. घोषणा झाली म्हणजे गोळी मिळाली असं नसतं, हे गिरणी कामगाराला कोणी शिकवायला नको. पण तपासणी आणि कार्ड हा आपला हक्क आहे, तो मागून घ्यावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचाही समावेश आहे. एसएस मुलांच्या पालकांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. अर्ज भरायला आम्ही रविवारी सकाळी विहारात बसतो.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरं समितीच्या सांगण्यावरून इथं देत आहोत.

एका ताईंनी विचारलं, रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या घ्याव्या का? एसएस रोग्याचं रक्त लोखंड कमी आहे म्हणून कमी नसतं, पेशी लवकर मोडतात म्हणून कमी असतं. ज्याला वारंवार रक्त चढतं त्याच्या अंगात तर लोखंड जास्तच साठतं. तेव्हा तपासल्याशिवाय घेऊ नये. एएस बाईला मात्र चारचौघींसारखी लोहाची कमतरता होऊ शकते, तिला गोळ्या लागतील.

एका तरुणाने विचारलं, मुलगी एएस निघाली तर नाही म्हणायचं का? आम्ही त्याला उलट विचारलं, तू स्वतःचं तपासलंस का? नव्हतं तपासलं. तू एए असशील तर नाही म्हणायला कारणच नाही. दोघं एएस असाल तर बसून बोला, समुपदेशकाकडे जा. दिवस राहिल्यावर लवकर गेलं तर गर्भाची तपासणीही होते. पण पोरीचं कार्ड मागायचं आणि आपलं खिशात ठेवायचं, हे चालणार नाही.

आणखी एकाने विचारलं की साधी तपासणी आणि मोठी तपासणी यात फरक काय. साध्या तपासणीत रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसल्या नाहीत, द्रावण गढूळ झालं, तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण एएस की एसएस हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधी तपासणी उपयोगाची नाही, गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे ती फसवते.

शेवटी मागच्या रांगेतल्या आजींनी विचारलं, "बाप्पा, तपासायला उपाशीपोटी यावं लागते काय?" नाही, आजी. जेवून या, पाणी पिऊन या, आणि नातवाच्या आईसोबत त्याच्या बापालाही घेऊन या.